पुस्तकात नसलेला पूल

गडचिरोलीच्या कॉलेजात बी.ए.ला आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर पुस्तक हातात न घेता शिकवायचे. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकाराची जाडजूड कादंबरी अभ्यासाला होती. वर्गातली निम्मी मुलं जंगलातल्या गावांतून आलेली, मी गोंडपिपरीच्या शिंप्याची मुलगी, आणि सगळ्यांचं शिक्षण मराठीतून. पहिल्याच पानावरची वाक्यं संपता संपत नव्हती. सर म्हणाले, "ठेवा ते पुस्तक बाजूले. मी सांगतो, तुमी आयका."

आणि ते सांगायचे. मामाकडे वाढलेली अनाथ मुलगी, लग्नाचं वचन देऊन फिरलेला जमीनदाराचा मुलगा, आणि शेवटी लाकडी पुलावर उभं राहून ती त्याची सगळी पत्रं फाडते, नदीत सोडून देते. सर हात पुढे करून बोटं एकेक करत उघडायचे. मागच्या बाकावरची मुलंही त्या वेळी गप्प असायची.

शनिवारी एसटीने घरी गेले की मी हीच गोष्ट अब्बांना सांगायचे. ते मशीन थांबवून ऐकत. "फिर? पुल पे अकेली गई वो?" असं विचारत. पत्रं फाडल्याचं ऐकलं तेव्हा त्यांनी हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "अच्छा किया. तुझे आगे पढना है तो पढ." तोवर घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. ते त्या दिवसापासून थांबलं.

एम.ए.ला मी नागपूरला गेले. तिथेही तीच कादंबरी होती, आणि मला वाटलं, निदान ही तरी मला येते. मॅडमनी विचारलं, त्या पत्रांचं ती मुलगी पुढे काय करते? मी उठले. वाक्यं मनात जुळवून पूल, नदी, कागदाचे कपटे, सगळं इंग्रजीत सांगितलं. मागून कुणीतरी हसलं.

"हे कुठल्या प्रकरणात आहे?" मॅडमनी विचारलं. मी पानं उलटत राहिले.

"बस," त्या हळू म्हणाल्या. "तो पूल सिनेमात आहे. पुस्तकात ती पत्रं जपून ठेवते."

वर्गातल्या हसण्यापेक्षा मॅडमचा तो हळू आवाज मला जास्त लागला.

त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या खोलीत बसून मी मोबाइलवर तो सिनेमा पाहिला. पूल होता. नटीने हात पुढे केला, बोटं एकेक करत उघडली. हाताची ती लकबसुद्धा सरांनी तिचीच उचलली होती. सर रंगवून सांगायचे ते मामाच्या घरातलं भांडण मात्र त्यात नव्हतं. ते एका जुन्या मालिकेत सापडलं, शब्दाला शब्द. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पहिल्यांदा रडले.

दिवाळीच्या सुट्टीत मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून खुर्ची पुढे ओढली. "ये वं पोरी! नागपूर कसं हाय?"

"सर, तुमी ते पुस्तक वाचलं होतं काय?"

कुठलं, असं त्यांनी विचारलं नाही. वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सुरू केलं होतं. दोनदा. मी सिरोंच्याचा, घरी तेलुगू, शाळा मराठी. मले नाई जमलं ते. मंग तीन-चार पिक्चर पायले, मालिका पायली. ज्याच्यात जे चांगलं होतं ते तुमाले सांगतलं."

"मंग पिक्चर हाय म्हणून काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं काय?"

"आयकलं असतं, सर. आमी तं कसंबी आयकलं असतं."

त्यांनी आत चहा सांगितला. आतून चहा आला. मी तो घेतला नाही, आणि त्यांच्या घरचा चहा मी त्याआधी कधी नाकारला नव्हता.

मग मी कादंबरी वाचायला घेतली. शब्दकोश शेजारी ठेवून, रोज दहा पानं, कधी चारच. पूर्ण व्हायला हिवाळा सरला. पुस्तकातली मुलगी हट्टी होती, चुकायची, कधी कधी मला आवडायचीसुद्धा नाही. तरी नदीचा उल्लेख आला की मी थांबून पूल शोधायचे, आणि मग स्वतःचाच राग यायचा. अब्बांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते अजून कुणाकुणाला त्या पुलाची गोष्ट सांगतात.

आता मी चंद्रपूरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सर निवृत्त होऊन सिरोंच्याला गेले. मागच्या वर्षी अचानक त्यांचा फोन आला. तब्येतीचं, पावसाचं, गोदावरीच्या पाण्याचं बोलले. मग थोडं थांबून म्हणाले, "तू ते पूरं वाचलं म्हणते कोणीतरी."

"हो, सर."

"एका पिक्चरमंधी तं तिचं लगन होते शेवटी, दुसऱ्यात नाई होत. पुस्तकात काय होते?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवून माहीत नव्हतं, आणि आता जाणून घ्यायचं होतं. आवाजात कुठेही बनवाबनवी नव्हती. मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

"वाचा न, सर," मी म्हटलं.

"आता डोळे कुठी साथ देतात वं," ते म्हणाले. तरी मी शेवट सांगितला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. बरं, ठेवतो, म्हणाले.

त्याला वर्ष होऊन गेलं. सांगायला हवं होतं, असं अधूनमधून वाटतं. पण फोन हातात घेतला की नागपूरच्या वर्गात मागून आलेलं ते हसू आठवतं, आणि मी फोन खाली ठेवते.