गोट्यांची गल्ली कशी वाचली

"नर्सबाई, गोट्यावरून दोनदा फिरवून आणली जी. आता होतेच पाहा."

भागीरथाबाई हे कौतुकाने सांगत होत्या. त्यांची सून कौसल्या बैलबंडीत आडवी होती, आणि खालचं गवत रक्ताने भिजलं होतं. तिला आठवा महिना होता आणि पोटात एक कळही नव्हती.

मी तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या एका परकोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, गावात, सरकारी दवाखान्यात मिडवाइफ होते. वेशीतून दवाखान्याकडे यायला दोन रस्ते. एक परकोटाच्या कडेने जाणारा मुरमाचा, थोडा लांबचा पण सपाट. दुसरा गावाच्या मधल्या गल्लीतून, जुन्या राजवटीत नदीचे गोल गोटे बसवून केलेला. त्यावरून बंडी गेली की आतल्या माणसाचे दात वाजत. पोंभुर्ण्याकडच्या खेड्यांतून बाई बाळंतपणाला आली की तिला मुद्दाम गोट्यांवरून आणत. धक्क्यांनी अडलेलं मूल सुटतं, अशी समजूत. हा शोध कोणाचा ते मला कळलं नाही. ज्याने लावला तो स्वतः कधी बाळंत झाला नसावा.

डॉक्टरांनी कौसल्याचा रक्तस्राव आटोक्यात आणला. तिची वार खाली होती. एरवी वार गर्भपिशवीत वरच्या बाजूला असते आणि मूल आधी बाहेर येतं. वार तोंडाशीच असली की मुलाची वाट बंद होते. धक्का लागला तर वार सुटते, आणि बाई काही मिनिटांत संपू शकते. अशा केसला ऑपरेशनच लागतं.

"हिला बाळंतपणापर्यंत इथेच ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"धान कापाले आलं साहेब. इथी बसून कोण राह्यते?" भागीरथाबाई म्हणाल्या.

मी त्यांना बाहेर नेऊन समजावलं. घरी न्यायचीच असेल तर न्या, पण रक्त दिसलं की लगेच आणा, आणि मुरमाच्या रस्त्यानेच आणा. त्यांनी सगळ्याला मान हलवली. मग म्हणाल्या, "आणतो न बाई. पण शेवटी गोट्यावरून एक चक्कर मारतो. माह्या पाचही लेकराईच्या वक्ताले मारली होती."

या बाईपुढे माझं शिक्षण संपलं होतं. म्हणून मी नगरपालिकेत गेले.

अध्यक्षांनी चहा मागवला. ते कामाचं बोलणं टाळायचे तेव्हा चहा मागवत.

"त्या गल्लीत बंड्यांना बंदी करा," मी म्हटलं. "बाया मरतील."

"सिस्टर, हा बायकांचा रिवाज. त्यात नगरपालिकेने काऊन पडायचं? लोक माझ्या दारात येऊन बसतील."

"मग गोटे उखडा आणि डांबर घाला."

शेजारी एक वकीलसाहेब बसले होते. त्यांना इतिहासाचा नाद होता, आणि घर मुरमाच्या रस्त्यावर होतं. ते खुर्चीतून उठलेच. "उखडा? ज्या दगडांवरून राजाचे हत्ती गेले, ते उखडायचे? तुम्हाला कल्पना आहे का, बाई, ते दगड काय बोलतात?"

दगड काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. बायका काय बोलतात ते माहीत होतं, पण ते कोणी विचारत नव्हतं. अध्यक्ष वकीलसाहेबांकडे मात्र मान हलवत पाहत होते. तेवढ्यावरून मला माझं काम कळलं.

"बरोबर आहे वकीलसाहेब," मी म्हटलं. "पण बंड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी गोटे फुटायला लागलेत. मी रोज पाहते. असंच चाललं तर तुमच्या नातवंडांना दाखवायला एक शिल्लक राहायचा नाही."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. कौसल्याच्या रक्ताची हकीकत याच खोलीत सांगितली होती, तेव्हा पडला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांशी दगडी खांब पुरले गेले. माणूस जाईल, बंडी जाणार नाही. नारळ फुटला. वकीलसाहेबांनी भर उन्हात पूर्वजांवर भाषण केलं. मी ड्यूटी आहे सांगून निघून आले.

कौसल्या आली ती भर बाजाराच्या दिवशी. खांबांपाशी भागीरथाबाईंनी बंडी थांबवली आणि गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज लावला. "कोन्या मुर्द्यानं इथी खुटे गाडले? सरकव न रे तो दगड!"

"सरकत नाई मावशी," बंडीवाला म्हणाला. "वकीलसाहेबाचा हुकूम हाये."

"वकिलाले होऊन राह्यलं का लेकरू?"

बाजारातली माणसं हसली. बंडी वळली. मुरमाच्या रस्त्याने कौसल्या दवाखान्यात पोचली तेव्हा रक्त नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, जरा लहानखुरी, पण रडली चांगली. कौसल्याही वाचली.

भागीरथाबाईंनी नात मांडीवर घेतली आणि मला सुनावलं, "गोट्यावरून आणली असती तर अशीच मोकळी झाली असती. पोट फाडा नसतं लागलं."

पुढच्या बेडवरची बाई हाका मारत होती, मी तिकडे गेले.

आता गाव वाढलं. परकोटाच्या आतल्या बाकीच्या दगडी गल्ल्या उखडून डांबर पडलं. गोट्यांची गल्ली तेवढी शाबूत आहे. नागपूरहून पाहुणे आले की त्यांना ती दाखवतात, आणि वकीलसाहेबांची दूरदृष्टी सांगतात. पाहुणेही मान डोलावतात.

बाईचा जीव वाचवायचा असेल तर बाईबद्दल बोलू नये, एवढं मी त्या नोकरीत शिकले. साहेबांना दगडाची काळजी लावून द्यावी.