अंधाऱ्या खोलीतली पाटी

महापेच्या आमच्या प्रयोगशाळेतला वॉचमन भलताच कर्तव्यदक्ष होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भिंतीवरची प्रत्येक सूचना, अगदी ‘थुंकू नये’सुद्धा, तो रोज शब्दांखालून बोट फिरवत वाचायचा आणि शेवटी मान डोलवायचा, जणू मजकुराला मंजुरी त्यालाच द्यायची होती.

आम्ही मात्र मोठी माणसं. एका ऑक्साइडवर दुसऱ्या ऑक्साइडचा, केसाहून हजारो पट पातळ थर चढवायचो. दोन्हींतून एरवी वीज जात नाही, पण ते चिकटतात तिथून वाहते. ती मोजायची तर नमुना आधी दिवसभर अंधाऱ्या खोलीत हवा. उजेड लागला की आकडा फुगतो.

आमचा आकडा रोज फुगायचा. आमच्या प्रमुख सरांनी तर जगावेगळा शोध लागल्याचं जाहीरही करून टाकलं. एका दुपारी मी त्या खोलीचं दार उघडलं, तर आत लख्ख उजेड आणि मी लावलेल्या पाटीपुढे वॉचमन, बोट फिरवत.

“दिवा लावू नये, असं लिहिलंय ना?” मी आत शिरत ओरडलो.

“लिवलंय की, सायेब. पर पाटी तुमी आत लावलीया. दिवा लावल्याबिगर वाचायची कशी?”

मग त्यानं शेवटचा शब्द वाचला, मान डोलवली आणि सूचनेप्रमाणे दिवा बंद करून तो निघून गेला. मी आतच होतो.