तिन्ही एकदमच

आमचा विजयसिंह रिक्षात बसला तरी ड्रायव्हर लांबून नेतोय का, हे मोबाइलवर बघत बसणारा माणूस. शिरोलीतली नोकरी सांभाळून त्यानं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर केलं. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. त्याचे तीन भाग: एक वजनकाट्याचा, एक फॅट मोजणाऱ्या मशीनचा, एक बिलाचा. फॅटचा भाग राजारामपुरीची अंतरा बघायची, तीही हौसेनं, बिनपगारी.

मागे एकदा फॅटचा नवा भाग एकटाच केंद्रांवर गेला, बिलाच्या जुन्या भागाशी त्याचं जमेना आणि केंद्राकेंद्रांवर भांडणं लागली. तेव्हापासून विजयसिंहाचा नियम: नवीन काही द्यायचं तर तिन्ही एकदम. नियमात तथ्य होतं, हे मीही मानतो.

पण यंदा बिलाचा भाग त्याच्याकडेच रखडला आणि अंतरा मागे लागली. "विजयदादा, माझी दुरुस्ती तयार आहे. बिलाच्या जुन्या भागाबरोबर तपासूनही पाहिलीय. तेवढी एकटी जाऊ द्या."

"का गं, एवढी घाई कशापायी?"

कसली दुरुस्ती, हे त्यानं विचारलंच नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की अंतरा गंगावेशीत लोक ताजं दूध प्यायला जमतात त्या कट्ट्यावर एका माणसासोबत लॅपटॉप उघडून बसली होती. झालं. "कंपनीवाला असणार त्यो," विजयसिंह मला म्हणाला. "फॅटचा भाग सुटा झाला की उचलून आपल्या नावानं विकणार. मी काय खुळा हाय?" अरे, कोड खुलाच आहे, उचलायचा तर आजही उचलेल, असं मी सांगून पाहिलं. मग तो माझ्याकडेही संशयानंच बघायला लागला. मला रागच आला.

तिकडे हातकणंगल्याजवळ विजयसिंहाच्या गावात त्याचा धाकटा भाऊ गुंडू दूध संकलन केंद्र चालवतो. गाईच्या दुधामागोमाग म्हशीचं आलं की तिथं कधीकधी पावतीवर आधीच्या गाईच्या दुधाचीच फॅट लागायची. म्हातारी तानाबाई म्हशीचं दूध घालायची आणि पावतीवर फॅट गाईची, म्हणजे कमी, आणि पैसेही कमी. एके दिवशी तिनं रांगेत सगळ्यांसमोर गुंडूला चोर म्हटलं आणि किटली उचलून दुसऱ्या केंद्रावर गेली. तिच्यामागे निम्मी गल्ली गेली.

हे कळल्यावर विजयसिंह गावी धावला, मीही बरोबर होतो. गुंडू रिकाम्या कॅनांपुढे बसला होता.

"चूक सॉफ्टवेअरची हाय, दादा," तो म्हणाला. "अंतराताईनं शोधलीया. कट्ट्यावर मीच भेटलो तिला. तुला सांगू नका, हे पण मीच म्हटलं."

विजयसिंहानं विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तानाबाईच्या आधी तूच मला चोर म्हटलं असतंस."

विजयसिंहानं तिथूनच अंतराला फोन लावला आणि फॅटचा भाग एकटाच सोडायला सांगितला. संध्याकाळच्या पावत्या बरोबर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तानाबाईच्या दारात हात जोडून उभा राहिला. चूक माझ्या सॉफ्टवेअरची होती, गुंडूची नव्हती, असं त्यानं तिला सांगितलं. म्हातारीनं त्याला खालीवर न्याहाळलं.

"भावाला वाचवाय आलायस न्हवं?" ती म्हणाली आणि किटली घेऊन दुसऱ्या केंद्राच्या वाटेला लागली.