आजोबांची जीप आणि काकांची बोली

चारोटीला हायवेला लागून आमची चिकूची वाडी. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा आणि काका जुन्या मोटारींचा लिलाव करायचे. जुन्या म्हणायचं नाही हं, 'व्हिंटेज' म्हणायचं! भंगारातून आणलेल्या मोटारीला दोन हात रंग मारून चिकूखाली उभी केली की ती व्हिंटेज होते, हा साक्षात्कार आमच्या घराला २०१५ च्या सुमारास झाला. मुंबईचे आणि सुरतेचे हौशी शेठ एसी गाडीतून यायचे आणि जिचा हॉर्नही धड वाजत नाही तिच्यावर भाळायचे.

लिलाव आई पुकारायची. बाबांचा आवाज दहा मिनिटांत बसायचा. घरात मात्र कधी बसला नाही. आई वरोरच्या मच्छीमाराची मुलगी, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारत मोठी झालेली. पापलेटची टोपली काय आणि मोटार काय, तिचा ठेका तोच. एकवार, दोनवार, तीनवार. तीनवार म्हटलं की माल गेला, मग आभाळ कोसळो, तिच्या माहेरी शब्द फिरवत नसत.

काकांचं काम वेगळं. पांढरे बूट घालून ते गिऱ्हाइकांत गिऱ्हाईक बनून बसायचे. बोली रेंगाळली की वाढवायची, शेठ तापला की गुपचूप माघार घ्यायची. बाबा याला धंद्यातली नाजूक कला म्हणायचे. आमच्याकडे लबाडीलासुद्धा मानाचं पान होतं.

वाडीतली एक जीप मात्र विकायची नव्हती. ती आईच्या वडिलांची. बर्फ आणि मासळी वाहून तिला असा वास लागला होता की शेठ लोक लांबूनच नाकाला रुमाल लावायचे. आजोबा गेल्यावर त्यांची हीच एक वस्तू आईकडे आली. ती स्वतः पुसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका लिलावाला गाड्या कमी पडल्या आणि बाबांना ऐन वेळी अक्कल सुचली. त्यांनी जीप पुढे काढली.

"अगं, नुसती बोली लावायची. माणसं जरा गरम होतील. शेवटची बोली धाकटाच लावेल, गाडी घरातच राहील."

"बोली लावली म्हणजे विकायला काढली," आई म्हणाली. "माझ्या बापाची गाडी आहे ती."

"तुझं आपलं काहीतरीच! माझ्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न बाबा अगदी नको तेव्हाच विचारायचे. गिऱ्हाइकं येऊन बसली होती. चारचौघांत शोभा नको म्हणून आई मुकाट्यानं टेबलावर चढली.

सुरतेचे एक शेठ हट्टाला पेटले. काका वाढवतायत, शेठही वाढवतायत. मधेच काका शेठच्या कानाशी वाकून गुजरातीत जीपचे गुणही गायला लागले. शेठ पुरते तापले. आणि आजचा बेत कुणी सांगितलाच नव्हता म्हणून काकांनी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. हात खाली घेतला आणि समाधानानं मागे टेकून बसले.

"एकवार," आई काकांकडे बघून म्हणाली. तिच्यामागून बाबा असे हातवारे करत होते की जणू अंगावर गांधीलमाश्या सुटल्यात. काकांना वाटलं, शाबासकीच मिळतेय. ते गालात हसले.

"दोनवार."

ती थांबली. आई, खोकला काढ, चक्कर येऊन पड, काहीही कर, पण बोलू नकोस!

"तीनवार."

बाबा धावले. शेठपुढे हात जोडले, चूक झाली, घरची गाडी आहे म्हणाले. शेठ भला माणूस निघाला. "घरनी गाडी होय तो राखो ने, भाई," म्हणाला. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

"मी विकलीय," आई टेबलावरून उतरत म्हणाली. "माझ्या बापानं तीनवारनंतर एक बोंबील परत घेतला नाही. त्याची गाडी मी परत घेऊ?"

मला बाबांचा भयंकर राग आला, आणि तिचाही. चावी तिनंच शेठच्या हातात ठेवली. "दुसरा गिअर अडतो, जोर करू नका, जरा थांबा," असंही सांगितलं. जीप हायवेला लागेपर्यंत ती बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, पुन्हा टेबलावर चढली आणि पुढची गाडी पुकारली.

पहिला हात काकांचाच वर गेला.

"भावोजी," आई भरल्या शेडमध्ये खणखणीत म्हणाली, "घरच्या माणसानं बोली लावायची नाही."

सगळे शेठ वळून काकांकडे बघू लागले.