शिवणीतली माया

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत टेलरबाईंचं मशीन आहे. माझे यजमान गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, म्हणून उशीचा अभ्रा उसवल्याचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे जाऊन बसते.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. टेलरबाई ती सढळ हातानं ठेवतात. गिऱ्हाईक कुरकुरलं, की विचारतात, "माणूस काय जन्मभर एकाच मापाचा राहतो?"

त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर. पोट इतकं सुटलेलं, की हॉर्न पोटानंच वाजतो म्हणून डेपोतले लोक त्यांना 'भोंगा' म्हणायचे. गेल्या वर्षी हा भोंगा बंद पडला. ताप येई, जाई. अन्नावरची वासना उडाली आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पण डॉक्टरांना आजाराचं नाव सापडेना.

दवाखान्यात जाताना त्यांचा हट्ट एकच: कामावरची पँटच घालणार. पण ती कमरेवर ठरेना. बाईंनी मागची शिवण उसवली, पँट आत घेतली आणि वरून सैल, लांब टाक्यांची कच्ची टीप मारली. काही आठवड्यांनी पुन्हा आत घेतली. मग पुन्हा. आतलं कापड दोरखंडासारखं जाड झालं.

बाईंची नणंद तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणालीच, "वहिनी, दादाला टोचत असेल ते. कापून टाक आणि पक्की टीप मार. दर वेळी काय उसवत बसतेस?"

"पक्की मारली तर सोडताना जड जाईल, वन्सं."

"सोडताना?" नणंदेचा आवाज चढला. "अगं, डोळे उघड! त्यानं आरशात बघायचं सोडलंय." आणि तीच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मग डॉक्टरांनी औषध बदललं. "याचा गुण आला तर आला," ते म्हणाले. "नाही तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

त्या दुपारी पँट पुन्हा मशीनवर आली. बाईंनी मोठी कातरी उचलली आणि मायेचं कापड पात्यांमध्ये धरलं. हात तिथंच थांबला. लहानपणी मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना माझ्या ओठांवर आली, पण पहिल्या ओळीपुढे सरकेना. मला वाटलं, कापतील. कापू दे बिचारीला.

बाईंनी कातरी खाली ठेवली. समोरच्या भिंतीकडे बघून, नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "देवा, माप तुझं, कातरीही तुझी. पण माझ्या हातानं मी ही माया कापणार नाही. पुढचं तू बघ."

आणि त्यांनी कच्चीच टीप मारली.

"भीती नाही वाटत तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटते की, आजी. म्हणून तर त्याला धरून बसलेय."

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळेना. ताप मात्र येईनासा झाला. कधी ताटातलं अन्न संपे, कधी तसंच परत येई. बाई रोज मशीनवर बसत आणि टाका चुकला, की स्वतःलाच शिव्या घालत.

एके दुपारी यजमान भिंतीला धरून दारात आले. चेहरा त्रासिक.

"अगं ए, कसलं शिवून ठेवलंयस हे? कमरेला काचतंय!"

मशीन थांबलं.

"काय म्हणालात?"

"काचतंय म्हटलं! बहिरी झालीस का?"

"परत म्हणा."

"आजी, हिला काय झालंय?" त्यांनी मलाच विचारलं. माझा चष्मा धुकटला होता.

बाईंनी त्यांना तिथंच पाठमोरं उभं केलं. कातरीच्या टोकानं दोरा तोडून ओढला. कच्ची टीप एका झटक्यात सुटली आणि दोरखंडाची एक घडी उलगडली. बाकीच्या टिपा होत्या तशाच होत्या. आजाराचं नाव डॉक्टरांना अजून सापडलेलं नव्हतं.

आवाज ऐकून मागोमाग आलेली नणंद डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, माझ्या ब्लाउजातसुद्धा थोडी माया ठेव गं."

"वन्सं, तुमच्यासाठी कापडाचं अख्खं ठाण आणावं लागेल!"

यजमान हसले, खोकले, आणि पँट सावरत म्हणाले, "आता श्वास घेता येतोय. जेवायला काय आहे?"