गाठ मऊ की टणक

कंपनीच्या वार्षिक तपासणीत नवऱ्याच्या यकृतात गाठ दिसली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे मात्र आरामात. चाकणच्या कारखान्यात लोखंड घासायच्या ग्राइंडिंगवर जायचे, यायचे, जेवायचे, टीव्ही बघायचे. मी घरभर येरझारा घालतेय आणि हे क्रिकेटचा स्कोअर सांगतायत! असा राग यायचा ना, काय सांगू.

गाठ साधी की वाईट, ते सोनोग्राफीवरून ठरेना. डॉक्टर म्हणाले, एक एमआरआय असतो, त्यात गाठ किती टणक आहे ते कळतं. बरगड्यांवर चपटी चकती बांधतात, ती थरथरते. टणक जागेतून ती थरथर भराभर पळते, मऊ जागेतून सावकाश. वाईट गाठी बहुतेक टणक असतात. मऊ निघाली, तर लगेच सुई घालून तुकडा काढायला नको, लक्ष ठेवायचं.

चिंचवडच्या सेंटरवर उपाशीपोटी गेलो. तिथली मुलगी एकेक विचारत होती. पेसमेकर? नाही. अंगात कुठं प्लेट, स्क्रू? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय? हे ठामपणे नाही म्हणाले.

मी बघतच राहिले. ग्राइंडरवाल्याच्या डोळ्यात कण गेला नाही? यांच्या शॉपमध्ये कुणाच्या डोळ्यात कण गेला, की शेजारचा रुमालाच्या टोकानं काढतो आणि दोघं परत कामाला लागतात. दवाखान्यात जाणाऱ्याला हसतात. कितीदा लाल डोळा घेऊन घरी आलेत आणि मी गार पाण्याच्या घड्या ठेवल्यात. मी सरळ सांगून टाकलं, हे खोटं बोलतायत. मुलगी चपापली. कण आत राहिला असेल तर मशीनच्या चुंबकानं हलेल, डोळा जाईल, म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारायला आत गेली.

मी यांच्यावर तुटून पडले. अक्कल गहाण टाकलीय का, आंधळं व्हायचंय का, तोंडाला येईल ते बोलले. हे खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "हो म्हटलं असतं तर परत पाठवलं असतं. आणखी आठ दिवस मला नाही गं काढवणार."

इतके दिवस हा माणूस आतून माझ्याइतकाच पोळत होता आणि मला पत्ता नव्हता.

डोळ्यांचा एक्स-रे तिथंच काढला. स्वच्छ निघाला. मग तपासणी झाली. रिपोर्ट मिळेपर्यंत मी फोन करकरून तिथल्या लोकांना भंडावून सोडलं.

डॉक्टर म्हणाले, गाठ मऊ आहे, बाकीचं यकृतही ठीक दिसतंय. पण विसरायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा हीच तपासणी. गाठ टणक व्हायला लागली तर कळेल.

खाली आलो. हे स्कूटरला किल्ली लावायला गेले, ती काही केल्या लागेना. दोनदा हातातून खाली पडली.

"सरका मागं," मी म्हटलं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यामागं कधी बसले नव्हते. गुमान बसले, आणि आकुर्डीला घर येईपर्यंत माझा खांदा सोडला नाही.