जगताप सरांची क्लायंटची खुर्ची

तीन माणसांचा विभाग, आणि तिघंही समुपदेशन मानसशास्त्राचे! किस्से साठणारच. बाहेरच्यांचं दुःख बाहेर बोलायचं नाही असा आमचा नियम, त्यामुळे चहाला आपलेच किस्से उरतात.

दारातल्या बोर्डावर नाव आणि पुढे संशोधनाचा विषय आहे. पाटील मॅडम : श्रवणकौशल्य. मी : सैनिक कुटुंबांतला ताण. आमचे विभागप्रमुख जगताप सर : उतारवयातला एकाकीपणा.

तर पाटील मॅडम. एकदा एक विद्यार्थी पडलेल्या चेहऱ्याने दारात उभा राहिला. मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि 'माणसाचं ऐकून घेणं किती महत्त्वाचं' यावर चाळीस मिनिटं बोलल्या. तो तीनदा "मॅडम, ते..." म्हणाला. शेवटी उठला आणि म्हणाला, "मॅडम, बोनाफाइडवर सही पायजे होती. ऑफिस बंद झालं आता!"

माझंही सांगते. मी साताऱ्याची, नवरा फौजेत, नोकरीसाठी सांगलीत एका खोलीत राहते. मी रुजू झाले तेव्हा सर म्हणाले, "तुम्हाला सॅम्पल शोधायला बाहेर जायलाच नको!" सगळे हसले, मीही हसले. पुढे एका रविवारी काही सुचेना म्हणून माझीच प्रश्नावली मी भरली. निष्कर्ष आला : समुपदेशनाची गरज. खाली समुपदेशकाची सही करायची होती. केली मीच!

एकदा सरांबरोबर आष्ट्याला गेले होते, म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरायला. एका आजींना सरांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात किती दिवस कुणाशीच बोलणं झालं नाही?"

"आवं, ते ऱ्हाऊ द्या. तुमी परत कवा येणार?"

"फॉर्म भरला की काम झालं, आजी."

"मग न्हाई भरायचा! निम्मा ठेवा. म्हंजे याल."

सरांनी पेन खिशाला लावलं. त्या संशोधनाचा अहवाल छापून झाला, कपाटात गेला. सर अजून दर महिन्याला आष्ट्याला जातात. विचारलं की म्हणतात, "एक फॉर्म राहिलाय!"

सरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, सुनेच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेल्या होत्या. ती नात आता शाळेत जाते. "वहिनी कधी येणार?" विचारलं की सर म्हणतात, "दिवाळीला." कुठल्या दिवाळीला, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याच्या रजेबद्दल मीही असंच सांगते, म्हणून विचारवलं नाही.

आता प्रॅक्टिकलचा किस्सा. आमच्या परीक्षेत विद्यार्थी समुपदेशक होतो आणि आम्ही मास्तर खोटे क्लायंट. कोण कुठलं दुःख घेऊन येणार, हे चिठ्ठी उचलून ठरतं. सर कधीच चिठ्ठी उचलत नाहीत. त्यांचा क्लायंट दर वर्षी तोच : सकाळी चुकून दोन कप चहा टाकणारा, दुसरा कप झाकून ठेवणारा आणि दुपारी तोच गार चहा पिणारा माणूस. "फॉर्ममधनं उचललाय हो!" असं सांगायचे. आम्ही म्हणायचो, सर नाटकात जायला हवे होते! सहा वर्षं मी मागे बसून त्या अभिनयाला मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आता लाज वाटते.

शेवटी एक नियम असतो. क्लायंट झालेल्याला भूमिकेतून बाहेर काढायचं. त्याने खुर्ची सोडायची, स्वतःचं खरं नाव सांगायचं, घरी जाऊन काय करणार ते सांगायचं. आम्ही घाईत हे टाळतो. घंटा झाली की सर नुसते "छान, छान" म्हणत निघून जायचे.

यंदा सरांची निवृत्ती. प्रॅक्टिकलला त्यांच्यासमोर समुपदेशक म्हणून म्हसवडची विद्यार्थिनी सुवर्णा होती, नियमाला पक्की. घंटा झाली. सर "छान, छान" म्हणत उठले, तशी ती म्हणाली, "थांबा सर, राहिलंय अजून. तुमचं खरं नाव सांगा."

सर हसले. नाव सांगितलं.

"आता घरी जाऊन काय करणार तुमी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

आणि परत त्याच खुर्चीत बसले.